दक्षिण ध्रुवाचा करार, समता कॉलोनी

रायपूर राजधानी झाली अन् आमच्या कॉलोनीतला जो तो जमिनीच्या भावाचं बोलू लागला. त्याआधी आमचं घर अन् शेजारच्या रिटायर मास्तरांचं घर यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीकडे कुत्रंही पाहत नव्हतं. भाव चढले तसे बाबा टेप घेऊन तिथं उकिडवे बसू लागले. मास्तरांनी तुळशीचा चबुतरा बांधायले विटा आणल्या. जमीन धरून ठेवायची आमच्याकडे हीच रीत: आधी देव बसवायचा, मग त्याच्यामागं भिंत. बाबांनी रेल्वेच्या नोकरीत पोटाले चिमटा घेऊन हे घर बांधलेलं. त्यांच्या ते जिवाले लागलं. दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं.

मी तेव्हा कायद्यात एलएलएम करून राहिली होती. विषय होता ध्रुवांभोवतालचे समुद्र अन् त्यांच्यावर हक्क सांगणारे देश. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगत, "घरची पट्टी चालली अन् आमची पोट्टी बर्फाचे खटले लढून राहिली." ऐकून ऐकून माझं डोकं फिरलं. एका संध्याकाळी मी दोघांनाही त्या पट्टीवर आणून उभं केलं.

"दक्षिण ध्रुवावर सात देश हक्क सांगतात," मी म्हटलं. "काहींचे तुकडे एकमेकांवर चढलेले. म्हणून करार झाला. जुना हक्क कोणी सोडायचा नाही, नवा कोणी सांगायचा नाही. अन् करार आहे तोवर तिथं काहीही केलं तरी कोणाचा हक्क वाढत नाही की घटत नाही. तुम्हीही तसंच करा."

"मतलब मैं हारा नहीं?" मास्तरांनी विचारलं.

"नाही."

"अन् मी?" बाबा म्हणाले.

"तुम्हीही नाही."

"हव," म्हणत मास्तरांनी मान डोलावली. विटा परत गेल्या.

दुसऱ्याच दिवशी बाबा पट्टीवर खुर्ची टाकून बसले. काहून म्हणून विचारलं, तर म्हणे हक्क शाबूत राहावा. ते पाहून मास्तरांनीही खुर्ची आणली. बसल्यानं हक्क वाढत नाही, हेच तर मी घसा फोडून सांगितलं होतं. पण ऐकते कोण? रोज संध्याकाळी दोघं ठाण मांडून, एकमेकांकडे पाठ करून. मग मे महिना आला, आईनं खिडकीतल्या कूलरचं तोंड बाहेर केलं अन् दोन्ही खुर्च्या एकाच दिशेले वळल्या. मास्तरांच्या मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, शेंगा पट्टीत पडत, त्यावरूनही तंटा झाला. ध्रुवाकडच्या समुद्रातल्या मासळीचे वाटे ठरवायले असते तसा आयोग मलेच व्हावं लागलं. बाबा मराठीत भांडत, मास्तर हिंदीत, अन् चहा थंड झाला म्हणून आई दोघांवर ओरडे. अशी कित्येक वर्षं गेली.

पुढं मास्तर थकले. मुलगा त्यांना बिलासपूरले घेऊन गेला, घर विकलं. नवा मालक भला माणूस. आल्या आल्या म्हणाला, "अंकलजी, ये पट्टी आप ही रख लीजिए, हमको नहीं चाहिए." बाबांनी नुसते हात जोडले. मले तर आनंद झाला, मी पेढे आणायले निघाली.

परत आली तर दिवेलागण झालेली, अन् बाबा आतच बसलेले.

"जा ना बाहेर," मी म्हटलं. "सारी पट्टी तुमची झाली आता."

"काय करू जाऊन," बाबा म्हणाले. "तिथं भांडायले कोण आहे?"