गुरुवारी चाललेली लेथ

भोसरीचे नाव निघाले की ती घटना अजून डोळ्यांसमोर उभी राहते. सत्तरच्या दशकाची अखेर होती आणि मी फौजदार म्हणून तिथे नुकताच बदलून आलो होतो. गावातल्या एका विधवा आजींनी घरामागे पत्र्याच्या खोल्या काढून कामगारांना भाड्याने दिल्या होत्या. त्यातला एक लेथवाला पिऊन दंगा करायचा आणि खोली सोड म्हटले की कोयता दाखवायचा. गुरुवारी दिलेल्या अशाच एका धमकीची आजींची तक्रार आम्ही अदखलपात्र म्हणून नोंदवली खरी, पण त्यांनी घराबाहेर पडणेच सोडले होते.

एका दुपारी शेजारच्या खोलीतला मराठवाड्याचा कामगार धापा टाकत ठाण्यात आला. "साहेब, आजीचा पुतण्या माणसं घेऊन आलाय, पत्रे काढायला. अन् ते आत कोयता घेऊन बसलंय."

जीप काढली. पुतण्या छपरावर चढलेलाच होता. त्याला खाली उतरवून मी चांगला झापला. "खोली रिकामी करून द्यायचं काम कोर्टाचं. तू पत्रा काढलास तर आरोपी तू आणि फिर्यादी तो."

"मंग म्हातारीनं मरायचं व्हय?" तो म्हणाला. प्रश्न रास्त होता.

कोयता जप्त करून भाडेकरूला ठाण्यात आणले. गडी बेरका. "गेल्या गुरुवारी धमकी दिली म्हणता? मी तर दिवसभर कंपनीत लेथवर होतो." नव्या फौजदाराला काय कळतंय, असा त्याचा हिशेब. पण वीजकपातीमुळे इथल्या कारखान्यांना रविवारऐवजी गुरुवारी सुट्टी असते, हे मला आल्या आल्याच कळले होते.

"गुरुवारी लाइट बंद. लेथ काय हाताने फिरवलीस?"

"रागात बोललो, साहेब."

सुट्टीमुळे त्या दिवशी सगळे शेजारी घरीच होते. धमकी सर्वांनी ऐकली होती, फक्त बोलायला कोणी धजत नव्हते. आता जबाब मिळाले. चॅप्टर केस, म्हणजे प्रतिबंधक कारवाई, करून त्याला दंडाधिकाऱ्यांपुढे उभे केले आणि शांतता राखण्याचे बंधपत्र जामीनदारासह घेतले. खोलीसाठी आजींना वकिलाकडे धाडले.

तो दावा रेंगाळला. भाडेकरू तिथेच राहिला, पण मुकाट्याने. पुढे आजी बाजारात भेटल्या तेव्हा मी जरा ओशाळूनच खोलीचे विचारले.

"ऱ्हाऊ द्या खोली, सायेब. आता मी दार उघडं टाकून अंगणात बसती."

मला फार हायसे वाटले. तोवर मी समजत होतो की ठाण्यात येणाऱ्याला भांडण जिंकायचे असते. आजींना आपल्याच अंगणात बसायचे होते, आणि तेवढे आम्हाला देता आले.