स्मशानातलं बाक

सिमेंटच्या बाकाच्या दोन टोकांना दोघे म्हातारे बसले होते, मुल्लासर आणि बापू. समोर देशमुखकाकांची चिता जळत होती. बाकाच्या पाठीवर आमच्या गावच्या सेवा क्लबचं नाव अजून पुसट दिसतं. त्या क्लबातले आता हे दोघेच उरले.

बाक क्लबनंच दिलेलं. नेत्रशिबिरं झाली, रक्तदान झालं, एसटी स्टँडवर पाणपोई झाली आणि मग देशमुखकाकांनी स्मशानात बाक द्यायचं काढलं. सगळे हसले होते. "अहो, तिथं निवांत बसायला कोण येणार?" तरी दिलं, आणि हौसेनं दिलं. फीत कापली, पेढे वाटले. स्मशानात पेढे! गाव कितीतरी दिवस नावं ठेवत होतं.

गावाला नावं ठेवायला वेळ असतो. क्लबचे चष्मे गावानं घातले, पाणी प्यालं, रक्तही घेतलं. सभासद व्हा म्हटलं, की मात्र गावाला कामं आठवायची, मलासुद्धा. पुढे क्लबच्या खोलीला कुलूप लागलं, पाणपोईचा नळसुद्धा कुणीतरी काढून नेला. उरलं हे बाक. अलीकडे क्लबची सभा भरायची ती इथंच, त्यांच्यातलं कुणी गेलं की.

ऊन चढलं होतं. मी जवळ जाऊन विचारलं, "बापू, मधे बसू का?"

बापूंनी मधल्या जागेवरची राख हातानं झटकली.

"बस की. आता जागाच जागा आहे."

मी उभाच राहिलो.