कोंबडी बसते ती जागा

मावशींनी आपल्या हाताने घर बिघडवलं, असं मी अहवालात लिहिलं होतं. ते खरं नव्हतं, आणि लिहितानाही मला ते ठाऊक होतं.

तलासरी तालुक्यात उधव्याकडच्या एका पाड्यावर आमच्या संस्थेने माझ्या आराखड्यावरून नमुन्याचं सौरघर बांधलं. छपरावर पॅनल, आत बॅटरीची पेटी, भिंतीत वर गरम हवा बाहेर जायला झरोके. कमी विजेत घर थंड राहावं, ही कल्पना. ते पाड्यावरच्याच या मावशींना मिळालं. पहिल्याच पावसात झरोक्यांतून पेटीवर पाणी आलं. मी झरोके सिमेंटने बुजवले.

"पेटी सरकव ना साहेब," मावशी म्हणाल्या. "घराचं नाक कशाला दाबतोस?"

मी नुसता हसलो.

मावशींचं तापमापक म्हणजे त्यांची तांबडी कोंबडी. दुपारी ती बसेल ती जागा थंड. माझं यंत्र भिंतीवर होतं. मी सकाळी यायचो, आकडे उतरवायचो, मावशींनी दिलेली नागलीची आंबील प्यायचो आणि ऊन चढायच्या आत निघायचो. "आमचा साहेब सकाळचा," त्या शेजारणीला मला ऐकू जाईल असं सांगायच्या, "त्याला काय उकडतंय?"

उन्हाळ्यात कोंबडी घरात फिरकेना. मावशींनी जावयाकडून पेटी पलीकडच्या भिंतीला हलवून घेतली आणि पहारीने झरोके मोकळे केले. घर का तापतं, असं संस्थेने विचारलं तेव्हा 'रहिवाशाने भिंत फोडल्यामुळे घर तापते,' असं लिहून मी सुटलो. त्या वाक्यापायी पाड्यावरची पुढची चार घरं थांबली. त्यांत मावशींच्या लेकीचंही होतं. "तुझ्या पहारीने आमची घरं गेली," लोक त्यांना तोंडावर बोलायचे.

पुढच्या वैशाखात मला मावशींचा फक्त निरोप आला, "एकदा दुपारचा ये."

गेलो. बाहेर रणरणतं ऊन, आणि आत पाटाजवळ तांबडी कोंबडी डोळे मिटून बसलेली. यंत्राचा आकडाही तिच्याच बाजूचा.

"पंखा अजून लावला नाय," मावशी म्हणाल्या आणि आंबील पुढे केली.

आता कुठलाही आराखडा काढण्याआधी मी त्या जागी एक दुपार बसतो. हे शिक्षण मावशींचं.

मी नवा अहवाल दिला, घरं पुन्हा सुरू झाली. पण मावशींना लागलेला बोल कागदाने जाणार नव्हता. लेकीच्या घरभरणीला सगळा पाडा जमला, तेव्हा मी उभा राहिलो. जुन्या अहवालातलं ते वाक्य मोठ्याने वाचलं. मग त्यांच्याकडे वळलो.

"मावशी, घर मी बिघडवलं आणि नाव तुमचं लावलं. मला माफ करा."