कारहुणवीचा कासरा

सन १९५२. कारहुणवीची, म्हणजे आमच्याकडच्या बैलांच्या सणाची, दुपार. मी पाटलांच्या गोठ्यातलं शेण भरत होते. बाहेर बैल सजले होते. अंगणात पाटलीणबाईंनी माझ्या लेकाच्या, बसूच्या गुडघ्यावर काठी टेकवली आणि सगळ्यांदेखत विचारलं, "कामून रे, रगत हाय का पाणी हाय तुझ्या अंगात? राजाचा लेक व्हय तू?"

लोक हसले. पाटलांचा सालगडी असलेला माझा नवराही हसला.

त्या दिवशी सालगड्याच्या पोरानं मालकाच्या बैलाचा कासरा धरून वेशीतून पळायचं, हा गावचा रिवाज. मागल्या वर्षी मीच बसूला पाठवलं होतं. पडला. गुडघा भोपळ्यासारखा सुजला. गुलबर्ग्याच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, याचं रक्त थांबत नाही, जपा. मी जपलं म्हणजे काय, तर सहा महिने उंबऱ्यात बसवून ठेवलं. पाय आखडला. पुन्हा नेलं तर डॉक्टर माझ्यावरच भडकले. "चालव त्याला. मार लागू देऊ नको, एवढंच."

तेव्हापासून माझं मन एका जागी नाही. कुठलंही पोर रडलं की हातातलं टाकून धावायचं.

पाटील म्हणाले, "हिच्या म्हायेरचंच रगत नासकं. भाऊ असाच गेला की हिचा."

खरं होतं. दात काढला, रक्त थांबलंच नाही आणि दोन दिवसांत भाऊ गेला. हे ऐकलं की मी मान खाली घालायची. वर्षानुवर्षं घातली.

नवरा कुजबुजला, "जाऊ दे गं. वर्सातनं एकडाव."

पाटलांनी कासरा बसूच्या हातात दिला. तो माझ्याकडे बघायला लागला. मी शेणाच्या हातानं कासरा काढून घेतला.

"मालक, रगत माझ्या म्हायेरचं हाय. ते सांडू द्यायचं न्हाई, हे बी मीच ठरवणार. बैल तुमचा, तुमच्या लेकाला पळवा."



"उद्यापास्नं गोठ्यात पाय ठेवू नको," पाटील म्हणाले.

"बरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी बसूला घेऊन शाळेत गेले. वाटभर त्याला चालवलं. मास्तरांना सांगितलं, "हा चालंल, बागंला पाणी घालंल. कुस्ती न्हाई, झाडावर चढणं न्हाई, छडी न्हाई. पडला तर पाय हलवायचा न्हाई, मला बोलवायचं."

मास्तरांनी मान हलवली.

"मान नको. तोंडानं म्हणा."

त्यांनी म्हटलं. एक चुकलं. मी पुन्हा म्हणायला लावलं.