चुडामणची सही

चुडामण धुळ्यात जीप चालवायचा. घाटरस्त्यावर त्याच्याइतका भरवशाचा माणूस आमच्या माहितीत नव्हता. गाडी चढणीला लावण्याआधी तो खाली उतरून वाट पायाखालून घालायचा, सैल दगड बाजूला करायचा आणि मगच स्टिअरिंगला हात लावायचा.

जानेवारी १९८८ मध्ये माझ्या यजमानांनी आणि त्यांच्या मित्रांनी पिंपळनेरच्या पश्चिमेच्या डोंगरात तीन जीप न्यायचं ठरवलं. यजमान वकील. पुढची जीप त्यांचे अशील बन्सीलालशेठ यांची, चालवायला चुडामण. त्या वाटेने तोवर फक्त बैलगाड्या जात. चुडामणने तिन्ही गाड्या एकेक करून माथ्यावर पोचवल्या. वर सगळ्यांनी भरीत-भाकरी खाल्ली, फोटो काढले.

उतरताना शेठ म्हणाले, "चढवली तू, उतरवतो मी. मागे बस."

"ज्या गियरमा चढनूत त्याच गियरमा उतरानं, शेठ. न्यूट्रल करू नका."

"अरे, जीप माझी आहे की तुझी?"

सगळे हसले. शेठना उतारावर डिझेल वाचवायची सवय होती. दुसऱ्या वळणावर त्यांनी गाडी न्यूट्रल केली. ब्रेक तापले, मग लागेनासेच झाले. पुढे लाकडाची मोळी घेऊन एक माणूस चालला होता. जीप त्याला मागून धडकली आणि बांधाला अडली. तो भाईदास, चुडामणच्या बायकोचा भाऊ. त्याचा उजवा पाय गुडघ्याखालून गेला. त्याला धडक कळली, गाडी कोणाच्या हातात होती ते कळलं नाही. मी मागच्या जीपमध्ये होते. मला स्वच्छ दिसलं.

दवाखान्याच्या ओट्यावर यजमानांनी चुडामणच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझं नाव घालू. ड्रायव्हरचं प्रकरण लवकर मिटतं. मी आहे ना. लायसन्सला धक्का लागू देणार नाही." त्यांचा शब्द म्हणजे कागद, असं चुडामण मानायचा. त्याने जबाबावर सही केली.

तारखेला यजमान कोर्टात गेलेच नाहीत, जामनेरला लग्नाला गेले. शेठनी साक्ष दिली, "मी सारखा सांगत होतो, हळू चालव." चुडामणचं लायसन्स गेलं.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी तो आमच्या दारात आला. "अक्का, तुमन्या डोयासमोर व्हयनं ना? तुम्ही फक्त खरं सांगा."

अपघाताच्या दिवशीची माझ्या रोजनिशीतली नोंद स्पष्ट होती : 'गाडी बन्सीलालजी चालवीत होते.' तरी मी म्हणाले, "घरात विचारून सांगते." मी विचारलं नाही. तो तीनदा आला, मग आला नाही.

यजमान १९९६ मध्ये वारले. पुढच्या वर्षी चुडामणचा पत्ता काढून मी जळगावला गेले. मेहरूणच्या एका गॅरेजमध्ये चुडामण जीपखाली झोपून ब्रेक बसवत होता. दुरुस्त झालेली गाडीही तो फाटकापर्यंतच न्यायचा, पुढे दुसरा कोणी चालवायचा. मी म्हटलं, "आता मी सांगायला तयार आहे."

"आते कोनले सांगशात, अक्का?" तो हात पुसत राहिला. मग म्हणाला, "भाईदासले सांगा. मानं तो आयकत नही. नऊ वरीस व्हयनात, तो माना घरनं पानी पेत नही. बहीनले बी बोलत नही."

आम्ही एसटीने पिंपळनेरला आणि तिथून भाईदासच्या गावी गेलो. भाईदास कुबडी मांडीवर घेऊन ओट्यावर बसला होता. मी सगळं सांगितलं, माझ्या नऊ वर्षांच्या गप्प बसण्यासकट. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. चुडामणला विचारलं, "मंग सही काबर कयी तू?"

"वकीलसाहेबनी जबान दिन्ही व्हती."

"जबान!" भाईदास हसला. बराच वेळ हसला. चुडामण मान खाली घालून उभा होता. मग भाईदासने कुबडीने ओट्यावरची जागा दाखवली. "बस, येडा."

आत पाहून त्याने चहा सांगितला. दोन कप आले. मी अंगणात उभी होते. तिसरा कोणी मागितला नाही, आणि मीही बसले नाही.