माजी कुलगुरूंचा तास

कुलगुरूपदाची मुदत संपली तेव्हा लोकांना वाटलं, आता मॅडम पुण्याला मुलाकडे जाऊन नातवंडं सांभाळतील. मी सरळ बुलडाण्याला घरी आले. जन्म मलकापूरचा, नोकरी सगळी इथल्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवण्यात गेली. कापसाच्या बाजारावर थोडंफार संशोधन केलं, त्यानं नाव झालं, आणि एक दिवस कुलगुरू म्हणून नेमणूक झाल्याचा फोन आला. नातेवाइकांना मात्र माझं अर्थशास्त्र कधीच पटलं नाही. मावसभाऊ दर दिवाळीला विचारायचा, "कापूस ठेवू का विकू, सांग नं व." मी "नाही सांगता येत" म्हटलं की त्याचं ठरलेलं, "मंग कायची डॉक्टर तू?"

कुलगुरूपद मला आवडलं, उगाच विरक्तीचा आव आणत नाही. गाडी, मान, अडलेली कामं मार्गी लावल्याचं सुख, सगळं आवडलं. पण त्या पाच वर्षांत मी एकही तास घेतला नाही. भाषणं मात्र रग्गड ठोकली. समोरचे सगळे माना डोलवायचे. हळूहळू मनात धाकधूक सुरू झाली, की मला आता शिकवता येतं का? तेच गेलं असेल तर माझ्याजवळ उरलं काय? शालींचा गठ्ठा?

म्हणून कॉलेजात गेले. प्राचार्य माझाच जुना विद्यार्थी. म्हटलं, "फर्स्ट इयरचा एक तास दे मला." तो उठून उभाच राहिला. "बाप्पा! मॅडम, तुम्ही काऊन तास घेता? व्याख्यान ठेवू नं. बॅनर लावतो."

"बॅनर लावशील तर याद राख," मी म्हणाले.

बॅनर नव्हता. पण दाराशी रांगोळी, टेबलावर पुष्पगुच्छ, आणि पहिल्या बाकांवर प्राचार्यांसह सगळा स्टाफ. मी मागणी आणि पुरवठा सुरू केला, आणि काय सांगू, जीभ आपोआप भाषणात घुसली. 'आजच्या युवा पिढीसमोर...' झालं! शेवटी टाळ्या पडल्या. तासाला टाळ्या! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

घरी आले ती चप्पल भिरकावूनच. आमचे हे बँकेतून निवृत्त झालेले, झोपाळ्यावर चिवडा खात बसले होते. "आभारप्रदर्शन कोणी केलं?" त्यांनी विचारलं. मी त्यांच्या पुढ्यातला चिवडा उचलून आत नेला.

दुसऱ्या दिवशी त्याच वर्गाचा तास पुन्हा मागून घेतला, स्टाफला बाहेर काढलं, दार लावलं, खडू हातात घेतला. विषय संधी खर्च. एक गोष्ट निवडली की दुसरी सोडावी लागते, आणि जी सोडली तीच निवडलेल्या गोष्टीची खरी किंमत. "समजलं?" विचारलं. "हो मॅडम!" एका सुरात. पुन्हा विचारलं, पुन्हा तोच सूर. म्हटलं, गेलं बहुतेक आपलं शिकवणं.

खिडकीपाशी एक मुलगी बसली होती, देऊळघाटहून एसटीनं येणारी. तिला उठवलं. "आत्ता तू इथं बसलीस. त्यासाठी काय सोडलंस?"

"काहीच नाही."

"घरी असतीस तर काय केलं असतंस?"

"भांडे घासले असते."

"मग ते सोडलंस."

"त्याले काय किंमत हाये, मॅडम? त्याचे मले कोणी पैसे देते काय?" वर्ग हसला. ती हसली नाही. "मले नाही पटलं," म्हणाली.

मी खडू खाली ठेवला. "पैसे मिळत नाहीत म्हणून कामाला किंमतच नाही?" मागून एक मुलगा ओरडला, "आता तिची माय घासत असन नं, तिचा टाइम गेला!" ही गर्रकन वळली, "मायले कुठं कामावर जायचं होतं?" "तुले काय माहीत, जायचं असन त?" पोरं एकमेकांवर तुटून पडली. मीही त्या वादात पडले. पदर खोचला, फळा भरला, घसा बसला. घंटा कधी झाली, कळलंच नाही. पुढच्या तासाचे सर दारात ताटकळत उभे होते.

मी फळा पुसायला घेतला. तेवढ्यात ती मुलगी जागेवरूनच म्हणाली, "मॅडम, माझं अजून बाकी हाये. तुम्ही उद्या या."

इतक्या वर्षांत मला असं कोणी फर्मावलं नव्हतं. डोळ्यांत टचकन पाणी आलं, आनंदाचंच. "हाव," मी म्हणाले, "येते नं बाई."