शीलाची रेघ

अंबरनाथच्या मोरिवलीत, कारखान्यांच्या भिंतीला लागून असलेल्या चाळीत शीला राहायची. बोलायला गोड, पण कामात कोणी लुडबुड केली की अशी काही बघायची की माणूस मुकाट्याने बाजूला व्हायचा. तिकडे उल्हासनगरात जीन्स शिवणारे गल्लोगल्ली. त्या जीन्सच्या मागच्या खिशावर जी नक्षी असते ना, गरुड, गुलाब, नाहीतर नुसत्याच वेलांट्या, ती शीला घरात बसून कॉम्प्युटरवर काढायची आणि त्याबरहुकूम मशिनी टाके घालायच्या. निम्मं उल्हासनगर तिची नक्षी घालून फिरायचं आणि तिचं नाव कोणाला ठाऊक नव्हतं. तिला त्याची गंमतच वाटायची.

कॉम्प्युटर आणला होता तिच्या नवऱ्याने, महेंद्रने. महेंद्र कारखान्यात फिटर. तिथली रीत अशी, की नट आवळून झाला की फिटरने त्यावर रंगाची एक रेघ ओढायची, अर्धी नटावर, अर्धी मशिनीवर. नट तसूभर हलला तरी रेघ मोडलेली दिसते. प्रत्येक फिटरचा रंग वेगळा, आणि ज्याची रेघ त्यानेच ती मोडायची. दुसऱ्याने हात लावला तर जेवणाच्या सुट्टीत भांडणं जुंपायची. महेंद्रचा रंग लाल. ही खोड त्याने घरातही आणली. पंख्याला रेघ, शिलाई मशीनला रेघ, दाराच्या कडीलासुद्धा रेघ! कॉम्प्युटर आला तेव्हा मॉनिटरची वायर मागे खोचून, स्क्रू आवळून त्याने त्यावरही रेघ ओढली आणि शीलाला बजावलं, बाकी काय वाटेल ते कर, रेघेला हात लावायचा नाही.

असा हा माणूस साध्या तापाचं निमित्त होऊन गेला. महेंद्रचे थोरले भाऊ शंकरराव सोनिवलीहून धावत आले. तेही जुने फिटर, महेंद्रला हातात पाना धरायला त्यांनीच शिकवलेलं. माणूस देव, पण हट्टी. एकटी राहू नकोस, आमच्याकडे चल, खोली मोकळी आहे, असं त्यांनी धोशाच लावला. शीलाला त्यांची माया कळत होती. पण दुसऱ्याच्या चुलीपाशी आयुष्य काढायचं तिच्या जिवावर येत होतं. शेवटी ती म्हणाली, माझं काम चालतंय तोवर मी इथेच. आणि बंद पडलं तर, असं त्यांनी विचारलं, तेव्हा ‘मग येईन’ असा शब्द तिने दिला. शब्दाची पक्की बाई ती. दिला म्हणजे दिला.

पुढे काही वर्षांनी नक्षीचं नवं सॉफ्टवेअर निघालं. काम देणाऱ्या शेठने निरोप धाडला, की आता सगळं त्यातच हवं, जमत नसेल तर काम दुसरीकडे जाईल. ते सॉफ्टवेअर शीलाच्या कॉम्प्युटरवर चालेना. चित्र दाखवायची सोय त्याच्या मूळ पाटीतच, म्हणजे मदरबोर्डवरच होती, आणि ती पडली अशक्त. वेगळं ग्राफिक्स कार्ड घालणं आलं. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये सनीचं दुकान होतं. त्याने कार्ड दिलं आणि कुठल्या खाचेत बसवायचं ते दाखवलं. शीलाने घरी येऊन पेटी उघडली, कार्ड नीट दाबून बसवलं, बटण दाबलं. पंखा फिरला, आत एक बीप वाजला, आणि स्क्रीन काळा ठिक्कर.

कार्ड काढलं, चित्र आलं. घातलं, गेलं. कार्डच खराब म्हणून ती तडक सनीकडे गेली, तर त्याच्याकडे ते झक्क चाललं. घरी आणलं, पुन्हा अंधार. सनीने फोनवर समजावलं, "भाभी, एका म्यानात दोन तलवारी. आतलं जुनं बंद करा." तिने सेटिंगमध्ये शिरून जुनं बंद केलं, आणि झालं, आता कार्ड काढलं तरी काही दिसेना! आगीतून फुफाट्यात. शेजारची राजाबाई डोकावून गेली, आणि बातमीला काय पाय लागतात? संध्याकाळपर्यंत ती सोनिवलीला पोचली. उद्या सकाळी टेम्पो घेऊन येतो, असा शंकररावांचा फोन आला.

शीलाला रडू कोसळलं. मग डोळे पुसून तिने चहा केला आणि पुन्हा सनीला फोन लावला. त्याच्या सांगण्यावरून आतला बटणाएवढा सेल काढला, थोडं थांबून परत बसवला. कॉम्प्युटर आपली सगळी सेटिंग विसरला आणि जुनं चित्र परत आलं. तिचा जीव भांड्यात पडला. सनी सहज म्हणाला, आता कार्ड घाला, आणि मॉनिटरची वायर नव्या कार्डात लावलीय ना?

पेटी उघडताना शीलाने बाकीच्या सगळ्या वायरी काढल्या होत्या. मॉनिटरची मात्र कधीच नाही. कार्डाच्या मागेही तशीच खाच तिने पाहिली होती, पण ती दोन मॉनिटर वापरणाऱ्यांसाठी असेल, अशी मनाची समजूत घातली होती. खरं सांगायचं तर त्या वायरीवर महेंद्रची लाल रेघ होती, आणि ती मोडायची म्हणजे तिला त्याला पुन्हा एकदा पोचवून आल्यासारखं वाटत होतं.

शेवटी ती उठली. महेंद्रचाच स्क्रूड्रायव्हर घेतला. "रागावू नका," असं पुटपुटली आणि स्क्रू फिरवला. लाल रंगाचा टवका जमिनीवर पडला. वायर नव्या कार्डात गेली, बटण दाबलं, आणि स्क्रीन असा उजळला की तिला हसूही आलं आणि हुंदकाही. तिने स्क्रू घट्ट आवळले.

सकाळी शंकरराव टेम्पोवाल्याला बाहेर उभं करून आत आले. शीला कामाला बसली होती, स्क्रीनवर गुलाब उमलत होता. म्हाताऱ्याचा विश्वास बसेना. आज चाललं, उद्या पुन्हा बंद पडेल, मागे काहीतरी ढिलं असणार, असं म्हणत ते वाकून टेबलामागे गेले. वायर धरायला हात पुढे केला आणि तसाच थांबला. स्क्रूवर निळी रेघ होती, अजून ओली. जयंतीला विहाराचे खांब रंगवून उरलेला रंग घरात होता, त्यातली.

"ही कोणाची?" त्यांनी विचारलं.

"माझी, दादा."

शंकररावांनी हात मागे घेतला. धोतराला पुसला. मग दारात जाऊन टेम्पोवाल्याला म्हणाले, "तू जा रे. इथून काही न्यायचं नाही."